बासष्ट पायऱ्या आणि टेपताईंच्या चिठ्ठ्या

आमच्या गल्लीच्या सभांचं इतिवृत्त मी अकरा वर्षं लिहिलं. तीन जाडजूड वह्या भरल्या. कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केलेला मी माणूस. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा कडक इस्त्रीची. ‘साधकबाधक चर्चा झाली’, ‘सभासदांनी तीव्र चिंता व्यक्त केली’, ‘पाठपुरावा करण्याचे एकमताने ठरले’ ही वाक्यं माझ्या पेनातून आपोआप उतरत. वाचणाऱ्याला वाटावं, या गल्लीत महिन्याच्या महिन्याला केवढी उलथापालथ चाललेली असते. खरं सांगायचं तर त्या अकरा वर्षांत आम्ही एक दगड जागचा हलवला नव्हता. हलले ते जिन्याचे दगड, आणि ते आपले आपण.

हा जिना म्हणजे वरची गल्ली आणि खालचा रस्ता जोडणाऱ्या बासष्ट पायऱ्या. दगडी, जुन्या, चांगल्या आठ फूट रुंद. वर आमची घरं. खाली दुकानं, शाळा, दवाखाना, बस. मागच्या बाजूला टेकडीचा कडा असल्यामुळे दुसरी वाट नाही, आणि गल्ली इतकी अरुंद की गाडीचं नाव काढायला नको. निम्म्या पायऱ्यांच्या कडा ढासळल्या होत्या, काही पाय ठेवताच डुगडुगायच्या, आणि धरायला कठडा कुठेच नव्हता. हा विषय सव्वीस सभांमध्ये निघाला. मी मोजले आहेत, कारण सव्वीसही वेळा मीच लिहिलं. आमची ही एकदा म्हणाली, “तुमच्या वह्या एकावर एक रचल्या असत्या तर दोन पायऱ्या तरी झाल्या असत्या.” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंही नाही.

ज्या बाईंमुळे माझी चौथी वही पहिल्या तिन्हींपेक्षा वेगळी झाली, त्यांना सगळे टेपताई म्हणतात. खालच्या रस्त्यावर, जिन्यापासून तीसएक पावलांवर त्यांचं शिवणाचं दुकान आहे. मापाची टेप त्यांच्या गळ्यात कायम असते. भाजी घेताना असते, दवाखान्यात असते, आमच्या मुलीच्या लग्नात नव्या साडीवरही होती. दुकान दोघांचं. यजमान कापड कापायचे, त्या शिवायच्या. यजमानांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांची कात्री म्हणजे कापडावर ओढलेली रेघ, मागे वळून बघायची गरज नाही. टेपताईंना शिवण त्यांनीच शिकवलं, लग्नानंतर, त्याच दुकानात. कापड मापाला बरोबर कापलं तर शिवणीत जातं आणि अंगाला तोकडं होतं. म्हणून दोन्हीकडे एकेक बोट जास्त ठेवायचं, हा त्यांचा पहिला धडा. टेपताई सांगतात, “नवरा म्हणून नंतर ओळख झाली, आधी मास्तर म्हणूनच.”

दुकानाची एक पद्धत होती. कापड आलं की टेपताई पाठकोऱ्या कॅलेंडरच्या कागदाची एक चिठ्ठी फाडायच्या आणि तिच्यावर तीन गोष्टी लिहायच्या: काम, नाव, वार. काम काय, कुणाच्या हातात, कोणत्या वारी द्यायचं. ती चिठ्ठी टाचणीने कापडाला लागायची. कपडा तयार झाला की चिठ्ठी निघायची आणि भिंतीतून टोक बाहेर आलेल्या एका लांब खिळ्यावर खुपसली जायची. त्या खिळ्यावर चिठ्ठ्यांचा वीतभर जाड थर झाला होता. दिवसाच्या शेवटी खिळ्यावर किती चढल्या, ते मास्तर बोटाने चाचपून बघायचे आणि मगच दुकानाचं दार ओढायचे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात शाबूत राहिला, डावं अंग मात्र लुळं पडलं. पुढे हळूहळू डाव्या पायात थोडा जोर आला. वरच्या गल्लीतल्या आपल्या घरात भिंत धरून ते चालायला लागले. पण जिन्याला ना भिंतीचा आधार ना कठडा, आणि ढासळलेल्या पायऱ्या. त्या दोन वर्षांत मास्तर दोनदा खाली गेले, दोन्ही वेळा दवाखान्यात, आणि दोन्ही वेळा चार जणांनी खुर्चीत बसवून नेलं. दुसऱ्या खेपेला खुर्ची कलंडली. मास्तर पडले नाहीत, पण खालची दोनतीन पोरं हसली आणि ते मास्तरांनी पाहिलं. घरी आल्यावर ते टेपताईंना म्हणाले, “आता पुरे. यापुढे मी खाली जाईन तो चौघांच्या खांद्यावरूनच.”

नुसतं म्हणून थांबले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी खिडकीत बसणं सोडलं. मग दाढी सोडली. मग एक दिवस टेपताईंना म्हणाले, “माझी कात्री कुणाला तरी देऊन टाक, गंजून जाईल.” टेपताईंनी हे आमच्या हिला सांगितलं, ते वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून, तोंड न दाखवता. “वहिनी, माणूस जिवंत आहे आणि मला रोज थोडा थोडा उचलून ठेवावा लागतोय,” त्या म्हणाल्या. “त्यांना त्यांच्या पायांनी खाली आणलं नाही, तर मला त्या दुकानात बसवणार नाही.”

त्यानंतर तीन दिवसांनी महिन्याची सभा होती.

सभा वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायची. सत्तावीस प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडका. ती नव्या माणसासाठी राखून ठेवलेली. वर पंखा, फिरण्यापेक्षा कुरकुरण्यात पटाईत. आमचे अध्यक्ष निवृत्त शाळा तपासनीस. बोलायला उभे राहिले की तर्जनी वर जाते आणि चहा गार झाल्याशिवाय खाली येत नाही. त्या दिवशी जिन्याचा विषय निघाला आणि नेहमीचं गुऱ्हाळ सुरू झालं. वरचे म्हणाले, जिना दुकानदारांच्या गिऱ्हाइकांनी झिजवला, त्यांनी दुरुस्त करावा. खालचे म्हणाले, आम्ही कशाला वर चढतोय, वरच्यांनी करावा. मग दोघांनी मिळून पालिकेला शिव्या घातल्या आणि तेवढ्यापुरती एकी झाली. अंडीवाल्याने वीस मिनिटं देशाच्या एकूण परिस्थितीवर भाषण केलं. टेपताई शेवटच्या रांगेत एका झग्याची तुरपाई करत बसल्या होत्या. सहा वर्षं त्या सभेला येत होत्या आणि सहा वर्षांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आम्ही समजत होतो, बाई अबोल आहेत. बाई ऐकत होत्या.

त्यांनी दोरा दाताने तोडला आणि उभ्या राहिल्या. “भाऊसाहेब, मागच्या खेपेला जिन्याचं काय ठरलं, ते जरा वाचता का?”

मला आनंद झाला. अकरा वर्षांत मला कुणी वाचायला सांगितलं नव्हतं. मी घसा साफ केला. “जिन्याच्या दुरवस्थेबाबत साधकबाधक चर्चा झाली. सभासदांनी तीव्र चिंता व्यक्त केली. संबंधितांकडे पाठपुरावा करण्याचे एकमताने ठरले.”

“छान लिहिलंय,” टेपताई म्हणाल्या. “संबंधित म्हणजे कोण?”

“म्हणजे, ज्यांचा संबंध येतो ते.”

“आणि पाठपुरावा कुणी करायचा होता?”

“समितीने.”

“समितीतल्या कुणी?”

मी पान उलटलं. मागे काही नव्हतं. मी आणखी एक पान उलटलं, उगाच.

“आमच्याकडे कापड आलं की आधी चिठ्ठी लागते,” त्या म्हणाल्या. “काम काय, हात कुणाचा, वार कोणता. चिठ्ठी नसलेलं कापड गठ्ठ्याच्या तळाला जातं आणि गिऱ्हाईक दारात येऊन भांडतं. हा जिना अकरा वर्षं गठ्ठ्याच्या तळाला पडलाय. मला त्याला चिठ्ठी लावायची आहे.”

अध्यक्षांची तर्जनी वर आली. “अहो ताई, पण चर्चा झाल्याशिवाय असं एकदम…”

“चर्चा हवीच की. गिऱ्हाईक बोलल्याशिवाय मी माप कसलं घेणार? बोला तुम्ही सगळे, हवं तेवढं बोला. फक्त जो बोलेल त्याने शेवटी एवढं सांगायचं, की यातलं माझ्या हातांनी मी काय करीन आणि कोणत्या वारी. मी लिहून घेते.” त्यांनी पिशवीतून पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि टाचण्यांची डबी काढली.

पंख्याला एकट्याला रान मोकळं मिळालं. अंडीवाला खिशात काहीतरी शोधू लागला. दोघांना गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली आणि ते गेले. त्यांच्याकडे दूध संध्याकाळी येतच नाही, हे मला ठाऊक आहे. मीही वहीत डोकं घालून तारीख पुन्हा गिरवली.

पहिला बोलला वेल्डर. खालच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. माणूस इतका कमी बोलतो की त्याला आवाज आहे हेच काही जणांना त्या दिवशी कळलं. “कठडा मी जोडतो,” तो म्हणाला. “पाइप आणि माप द्या. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार.” टेपताईंनी लिहिलं, पुढे झाल्या आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला चिठ्ठी टाचून टाकली, सदऱ्याला लावतात तशी. खोलीत हसू फुटलं, आणि हसल्यावर माणसं सैल होतात. गवंडी म्हणाला, पायऱ्या मी बसवतो, सोमवारपासून. हार्डवेअरवाल्याने सिमेंटच्या गोण्यांची चिठ्ठी घेतली. माप घ्यायचं काम टेपताईंनी स्वतःच्या पदराला टाचलं. मग त्या माझ्यासमोर आल्या.

“पालिकेची परवानगी. भाऊसाहेब. बुधवार.”

“मी?” मी म्हणालो. “मी तर लिहितो.”

“म्हणूनच. अर्ज लिहायचाय.” आणि माझ्या छातीवर टाचणी लागली. त्या सभेत नऊ चिठ्ठ्या लागल्या. अध्यक्षांनी एकही घेतली नाही. ते म्हणाले, माझं सर्वांना मार्गदर्शन राहील. टेपताई म्हणाल्या, “राहू द्या, पण त्याला वार नाही, म्हणून लिहीत नाही.”

बुधवारी मी पालिकेत गेलो. आता जे सांगतो ते सांगताना आजही कानाची पाळी गरम होते. टेबलामागच्या अभियंत्याला मी तावातावाने म्हणालो, “अकरा वर्षं आम्ही या जिन्यासाठी झगडतोय आणि तुम्हाला पाझर फुटत नाही.” त्याने शांतपणे कपाटातली फाइल काढली, आमच्या गल्लीच्या नावाची. आत दिव्याच्या खांबाचा एक अर्ज होता, कुणीतरी केव्हातरी दिलेला. जिन्याबद्दल कागदाचा कपटा नव्हता. “अर्ज कोणत्या सालचा म्हणालात?” त्याने विचारलं.

अर्ज केलाच नव्हता. सव्वीस वेळा पाठपुरावा करण्याचं ठरलं होतं आणि सव्वीसही वेळा मी ते इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, की लिहिलं म्हणजे झालं असं मला वाटत राहिलं. मला इतरांपेक्षा माझाच जास्त राग आला. तिथेच बाकावर बसून मी अर्ज लिहिला. त्यात ना चिंता होती ना साधकबाधक. बासष्ट पायऱ्या, एकतीस ढासळलेल्या, कठडा नाही, काम आम्ही करतो, परवानगी द्या. अभियंत्याने वाचला आणि म्हणाला, “हे करता येण्यासारखं आहे.” तरी मला तीन खेपा पडल्या. तिसऱ्या खेपेला परवानगी मिळाली, आणि वर तो म्हणाला, “जुन्या बागेच्या कुंपणाचे पाइप आमच्या गोदामात पडून आहेत, मजबूत आहेत. नेता का?” मी बसमधून उतरून मोठमोठ्या ढांगा टाकत निघालो, माझ्या वयाला न शोभेल असा. दुकानात जाऊन टेपताईंच्या हातात कागद ठेवला. त्यांनी माझी चिठ्ठी काढून माझ्याच हातात दिली आणि खिळ्याकडे बोट केलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला दोन प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत. ती चिठ्ठी खिळ्यात घुसताना झालेला आवाज मला दोन्हींपेक्षा जवळचा आहे.

मग घोडं अडलं ते गवंड्यापाशी. सोमवार आला आणि गेला, गवंडी फिरकला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, “मी म्हणालोच होतो.” ते काय म्हणाले होते, ते कुणालाच आठवेना. मला वाटलं, टेपताई भडकणार. त्या गवंड्याच्या घरी गेल्या आणि मला साक्षीदार म्हणून घेऊन गेल्या.

“दुकानात वार चुकला तर आम्ही चिठ्ठी फाडत नाही,” त्या त्याला म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला समोर बसवून का चुकला ते सांगतो आणि खाली नवा वार लिहितो. तेवढंच करायला आलेय. ओरडायला आले नाही.”

गवंडी आपल्या नखांकडे बघत म्हणाला, “ताई, पायऱ्या बसवायच्या म्हणजे वाळू, खडी, सिमेंट, पाणी सगळं खालून वर न्यायचं. एकट्याने डोक्यावरून वाहिलं तर चार महिने लागतील. सगळ्यांसमोर हो म्हणून बसलो आणि मग तोंड कसं दाखवू ते कळेना.”

“एवढंच ना,” टेपताई म्हणाल्या. “हा एकट्याचा कपडाच नाही. चुकीची चिठ्ठी मीच लावली.” तिथेच बसून त्यांनी त्या एका चिठ्ठीच्या साठ चिठ्ठ्या केल्या. दोन दिवस त्या दारोदार फिरल्या. काम एकच: रविवारी सकाळी सात वाजता एका पायरीवर उभं राहायचं. नाव ज्याचं त्याचं.

त्या रविवारी मी जे पाहिलं ते माझ्या वहीत मावण्यासारखं नव्हतं. खालपासून वरपर्यंत जिन्याच्या एका कडेने माणसांची रांग, एका पायरीआड एक माणूस नाही, तर जवळजवळ प्रत्येक पायरीला एक. खालून बादली निघायची आणि हातोहात वर जायची. रिकामी बादली दुसऱ्या कडेने खाली. वर राहणाऱ्या शाळेतल्या बाई आणि खालचा अंडीवाला शेजारच्या पायऱ्यांवर होते. गेल्या सभेत त्यांनी एकमेकांचे वाभाडे काढले होते. आता बादली एकीच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची, म्हणजे एकमेकांकडे बघावंच लागायचं. दहा वाजेपर्यंत त्यांचं चांगलं सूत जमलं, आणि अंडीवाल्याने देशाच्या परिस्थितीवर अक्षरही काढलं नाही, कारण दम लागला होता. साडेआठच्या सुमाराला अध्यक्ष आले, कडक पांढऱ्या कपड्यांत, मार्गदर्शन करायला. चाळिसाव्या पायरीवर जागा रिकामी होती आणि तिथे बादली अडत होती. ते थोडा वेळ तर्जनी धरून उभे राहिले. मग बाह्या वर सारल्या. दुपारी घरी गेले तेव्हा कपडे सिमेंटच्या रंगाचे झाले होते आणि ते जाताना मला म्हणाले, “भाऊसाहेब, मलाही एक चिठ्ठी मिळाली असती तर बरं दिसलं असतं.” मी टेपताईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना मिळाली, मागच्या तारखेची.

असे तीन रविवार गेले आणि पायऱ्या झाल्या. गवंड्याने एकेक दगड असा बसवला की पाण्याने भरलेली वाटी ठेवा, हलणार नाही.

कठडा कुठे बसवायचा यावर मात्र सभेत जुंपली. सगळे म्हणाले, एका कडेने लावा, सोपं पडेल. टेपताई म्हणाल्या, मधोमध. अध्यक्षांनी कारण विचारलं. “आमच्या ह्यांचा उजवा हात चालतो, डावा नाही,” त्या म्हणाल्या. “कडेला लावला तर उतरताना उजव्या हाताला येईल आणि चढताना डाव्या. खाली आलेला माणूस खालीच राहील. मधोमध असला की एका अंगाने उतरायचं, दुसऱ्या अंगाने चढायचं. दोन्ही वेळा उजवा हात.” सभा अकरा मिनिटांत संपली. मी घड्याळ बंद पडलं का ते बघितलं.

माप टेपताईंनी घेतलं, गळ्यातल्या टेपने, वरून खाली, चौदा तुकड्यांत. लिहून वेल्डरला दिलं. त्याने त्याप्रमाणे पाइप कापले, वरून जोडत आणि खांब रोवत खाली आला. आणि गुरुवारी दुपारी सगळ्यात खाली पोचल्यावर तो थांबला, टोपी काढून डोकं खाजवू लागला. शेवटचा खांब शेवटच्या पायरीवर यायचा होता. तो पायरीच्या पुढे, थेट रस्त्यावर येत होता, जवळजवळ पावणेदोन फूट.

“ताई,” तो म्हणाला, “हे काय शिवलंत?”

टेपताईंनी आपला कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. हात सवयीने चालला होता. प्रत्येक तुकड्याला त्यांनी शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक बोट जास्त ठेवलं होतं. कापडात ते शिवणीत जातं. पाइपात कुठे जाणार? प्रत्येक तुकड्यातली दोन बोटं खाली खाली सरकत शेवटी एकगठ्ठा बाहेर पडली होती. माझ्यासमोर पहिल्यांदाच त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “चाळीस वर्षं काम करतेय आणि सगळ्या गल्लीसमोर असं,” त्या म्हणाल्या.

वेल्डरने पाइप आहे तसाच उभा केला. अध्यक्ष म्हणाले, रस्त्यावर येणाजाणाऱ्याला लागेल, कापून टाका. आता त्यांनाही पद्धत कळली होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून वेल्डरच्या खिशाला टाचली: ‘जादा पाइप कापणे, वेल्डर, सोमवार.’ मध्ये त्याला दुसरीकडे काम होतं.

आणि आता राहिलं मूळ काम. मास्तर काही केल्या तयार होईनात. कठडा झाला, पायऱ्या झाल्या, ते खिडकीतूनही बघेनात. “लोकांनी एवढं केलं आणि मी अर्ध्यावर बसलो तर?” ते म्हणाले. “त्यापेक्षा न गेलेला बरा.” शनिवारी टेपताईंनी त्यांच्यासमोर चिठ्ठी फाडली आणि लिहिली. काम: खाली येणे. नाव: मास्तर. वार: रविवार. आणि त्यांच्या सदऱ्याला टाचली. मास्तरांनी ती काढायला हात वर नेला, आणि हात तिथेच राहिला. आयुष्यभर त्यांनी काम पुरं झाल्याशिवाय कुठलीच चिठ्ठी काढली नव्हती. मग त्यांनी दाढीचं सामान मागितलं.

सगळ्यांना ताकीद होती, गर्दी करायची नाही. कुणी केली नाही. फक्त रविवारी सकाळी साडेनऊला खालच्या रस्त्यावर अचानक चाळीसएक जणांना कामं निघाली. अंडीवाला तोच एक ट्रे पुसत होता. शाळेतल्या बाई वहाणेचा पट्टा लावत होत्या, दोनदा लावून झाला तरी. मी पेपर धरला होता, तो कोणत्या दिवशीचा ते मला माहीत नाही.

मास्तर उतरायला लागले. उजवा हात कठड्यावर, टेपताई डाव्या बाजूला एक पायरी खाली, पण त्यांना न धरता. हात सरकायचा, उजवा पाय पक्का व्हायचा, मग डावा आधी खाली, मग उजवा. विसाव्या पायरीवर थांबले. तिसाव्यावर थांबले. एकतिसाव्यावर ते बराच वेळ थांबले आणि मला वाटलं, संपलं. त्यांनी वाकून पायरीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सरळ बसवलीय.” गवंड्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. मग पुन्हा निघाले. साठ, एकसष्ट, बासष्ट.

शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर उतरायचं म्हणजे इतर पायऱ्यांपेक्षा जरा खोल पडतं. रस्ता खचलाय तिथे. आम्हा चालत्याफिरत्या माणसांच्या ते कधी ध्यानातही आलं नव्हतं. मास्तरांनी डावा पाय खाली टाकला आणि तो मुरगळला. अंग पुढे गेलं. टेपताईंच्या तोंडून आवाज निघाला. कठडा पायरीवर संपला असता तर मास्तरांचा हात हवेत गेला असता. पण कठडा पुढे होता. पावणेदोन फूट पुढे. हात घसरला आणि त्या जादा पाइपावर घट्ट बसला. मास्तर डोलले, सावरले, उजवा पाय खाली आला. दोन्ही पाय रस्त्यावर होते.

ते तसेच पाइप धरून उभे राहिले. श्वास आल्यावर त्यांनी पाइपाकडे पाहिलं, मग शेवटच्या पायरीकडे, मग बायकोकडे. “हे जास्तीचं कुणी ठेवलं?”

“माझं चुकलं,” टेपताई म्हणाल्या. “सवयीने दोन बोटं धरली प्रत्येक तुकड्याला. उद्या कापणारेत.”

“कुणी कापायचं नाही,” मास्तर म्हणाले. “दोन्ही पाय टेकेपर्यंत हात सुटता कामा नये.”

अध्यक्ष पुढे आले. मला वाटलं, आता तर्जनी वर जाणार. त्यांनी वेल्डरच्या खिशावरची चिठ्ठी हळूच काढली, घडी केली आणि आपल्या खिशात ठेवली. नंतर पालिकेत जाऊन त्या पाइपाच्या टोकाला पिवळा रंग लावून घेतला तोही त्यांनीच, सांगितलेल्या वारी.

दुकानापर्यंतची तीस पावलं मास्तर भिंत धरून चालले. आम्ही सगळे आपापली कामं टाकून मागोमाग गेलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुकानात कापायचं टेबल तसंच होतं. कात्री टेपताईंनी कुणालाच दिली नव्हती. तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मास्तर आपल्या स्टुलावर बसले. सदऱ्यावरची चिठ्ठी एका हाताने सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि कुणीही मदतीला हात पुढे केला नाही. चिठ्ठी त्यांनी खिळ्यावर नेली आणि दाबली. मग चिठ्ठ्यांच्या त्या थरावरून बोट फिरवत खालपर्यंत आले. परवानगी, सिमेंट, माप, पायऱ्या, आणि रविवारच्या त्या साठ. एकेक नाव वाचत होते.

“मी चार खांदे म्हणालो होतो,” ते म्हणाले. “चारांत काही भागलं नाही.”

टेपताईंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि गठ्ठ्यातलं वरचं कापड टेबलावर पसरलं. मास्तरांनी त्याची चिठ्ठी वाचली, कडा उजव्या तळहाताने सपाट केली, आणि कात्री मागितली.